महासाथीची रंगीत तालीम

वरून हुकूम आला, की फ्लूची महासाथ कधीही उपटू शकते, तेव्हा प्रत्येक इस्पितळाने आपल्या तयारीची रंगीत तालीम करून दाखवावी. रंगीत तालीम म्हटल्यावर मोठ्या साहेबांना सगळ्यात आधी आठवला तो रंगारी.

मग काय, इस्पितळभर नुसता रंगाचा वास. भिंती झाल्या, खाटांचे पाय झाले, फाटक झालं. बायकांच्या संडासाला कडी नव्हती ती नव्हतीच, दार मात्र आकाशी झालं. मेट्रनबाईंना त्या वासाने मळमळायचं आणि मोठ्या साहेबांच्या उत्साहाने त्याहून जास्त. साथ येणार म्हटल्यावर शहाणा माणूस औषधं बघतो, हाताखालची माणसं बघतो. हा गृहस्थ व्हरांड्यात कुंड्या कुठे शोभतील ते बघत होता.

कोठीतले मास्क मागच्या साथीतले. मेट्रनबाईंनी एक खोकं उघडलं, तर रबर वितळून सगळ्यांचा मिळून एक लगदा झालेला. बोटांना लागलेला चिकटा साबणानेही जाईना. त्यांनी तो गोळा तसाच नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला.

“शी! काय घाण आणलीत बाई ही?”

“घाण नाही साहेब, आपला साठा आहे.”

“अहो, तालमीत कोण उघडून बघतंय? खोकी नीट रचून ठेवा. आत चांगले मास्क आहेत असं समजायचं. नियमच आहे तसा.”

नियम खरंच होता. तालमीत जे हजर नसेल ते ‘समजा’ म्हणून पुढे सरकायचं. यात वावगं काही नाही. आगीचा सराव करायला कुणी घर पेटवत नाही. पण रोग समजायचा असतो आणि इलाज खरा ठेवायचा असतो, एवढी अक्कल तरी हवी की नको? इथे सगळाच आनंद. समजा, डॉक्टर पुरेसे आहेत. समजा, लस पोचली. समजा, गाडीत डिझेल आहे. तालमीच्या बैठकीतून उठताना मेट्रनबाईंना वाटलं, चूळ भरावी.

जुन्या वॉर्डात दारालगतच्या खाटेवर भोंगाकाका होते. जन्मभर याच इस्पितळाची रुग्णवाहिका चालवली त्यांनी. गाडीचा भोंगा बिघडला की खिडकीतून डोकं काढून स्वतःच बोंबलत सुटायचे, म्हणून हे नाव. आता त्या छातीत जीव राहिला नव्हता. फुप्फुसं पार कामातून गेलेली, नाकाला नळी, उशाशी ऑक्सिजनचा सिलिंडर. तो संपायच्या आत दुसरा लावला, की काकांची स्वारी पुन्हा खुशीत. शेजारी स्टुलावर काकू असायच्याच.

“मेट्रन, तुमचं नाटक आहे म्हणे उद्या?”

“आहे ना. काम हवंय का तुम्हाला?”

“मेलेल्याचं द्या. पाठांतराची कटकट नाही.”

“गप्प बसा हो,” काकू उसळल्या. “जिभेला काही हाड?”

या इस्पितळात भरलेला सिलिंडर कुठला आणि रिकामा कुठला, हे खडूवरून कळायचं. रिकामा झाला, की सिस्टर त्याच्या पोटावर खडूने फुली मारायची. बिनफुलीचा उचलायचा आणि लावायचा, असा सगळा सरळ कारभार.

तालमीच्या दिवशी सकाळी मेट्रनबाई कामावर आल्या, तर साठ्यातले सगळे सिलिंडर साथीसाठी सजवलेल्या नव्या कक्षात, भिंतीला लावून रांगेत उभे. काळेकुळकुळीत, चकचकीत, ओले. फुली एकावरही नव्हती.

“साहेब, यातले भरलेले कुठले?”

“सगळेच भरलेले समजा.”

“समजून छाती भरत नाही साहेब. भोंगाकाकांना दुपारी नवा लावायचाय. एकेक उघडून बघते.”

“रंग ओला आहे बाई! पाहुण्यांनी फीत कापेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तासाभराचा तर प्रश्न.” साहेबांनी कक्षाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि ते फाटकावर जाऊन उभे राहिले.

मेट्रनबाईंनी काकांच्या सिलिंडरचा काटा बघितला. दुपारपर्यंत निभावलं असतं. पण पाहुणे आले उशिरा, आल्यावर खायला बसले आणि खाऊन झाल्यावर बोलायला उभे राहिले. मेट्रनबाई दोनदा किल्ली मागायला गेल्या. पहिल्यांदा साहेबांनी डोळे वटारले, दुसऱ्यांदा पाहुण्यांकडे बघून हसत हसत मानेनेच ‘नाही’ म्हटलं. ते हसू बघून मेट्रनबाईंच्या डोक्यात तिडीक गेली.

शेवटी एकदाची फीत कापली. कचेरीतली धडधाकट माणसं खाटांवर पडून खोटं खोटं खोकत होती. मुख्यालयातून आलेले निरीक्षक मधोमध उभे राहून म्हणाले, “समजा, एक रुग्ण एकदम गंभीर झाला.”

नेमकी तेव्हाच जुन्या वॉर्डातली सिस्टर धावत आली. “मेट्रन, भोंगाकाकांचा सिलिंडर संपला! ओठ निळे पडलेत!”

“वा!” निरीक्षक खूश झाले. “हा प्रसंग छान घातलात.”

“खाट इकडेच आण, पळ!” मेट्रनबाई ओरडल्या आणि पाना घेऊन सिलिंडरशी झोंबल्या. पहिल्याचा व्हॉल्व रंगाने पक्का बसलेला, तो फिरेचना. दुसरा उघडला, तर आत हवासुद्धा नाही. तिसरा तसाच. हात कोपरापर्यंत काळे झाले. त्यांनी वळून साहेबांकडे बघितलं. साहेब भोंगाकाकांना ओळखत होते. त्यांच्याच गाडीतून उभी कारकीर्द हिंडले होते. हे नाटक नाही, हे त्यांना पुरतं कळलं होतं. चेहरा पांढराफटक पडला होता. पण निरीक्षक मान डोलावत होते, फोटो निघत होते, आणि साहेबांनी तोंड उघडलं नाही. मेट्रनबाईंनी इस्पितळात उभ्या आयुष्यात पू बघितला, सडलेल्या जखमा बघितल्या, पण अशी शिसारी कधी आली नव्हती.

खाट आली. वॉर्डातला तरुण डॉक्टर काकांची छाती दाबू लागला. पुढचा सिलिंडर फुस्स करून बोलला, तशी मेट्रनबाईंनी नळी जोडली, मास्क तोंडावर धरला. “काका, घ्या श्वास. काका, ऐका माझं.” पांढऱ्या चादरीवर त्यांची काळी बोटं उमटत राहिली. बऱ्याच वेळाने डॉक्टरने हात काढून घेतले आणि मान हलवली.

निरीक्षकांनी घड्याळ बघितलं. “ठीक. समजा, रुग्ण दगावला. पुढे काय करणार?”

मेट्रनबाईंची बोटं काकांच्या मानेवर होती. “समजू नका,” त्या म्हणाल्या. “गेले.”

 मग निरीक्षकांनी टाळी वाजवली. त्यांचं बघून पाहुण्यांनी वाजवली, खोटे रुग्ण उठून बसले आणि तेही वाजवू लागले. मेट्रनबाईंना भडभडून आलं. ते रडू होतं की ओकारी, त्यांचं त्यांनाच कळेना.

गर्दी सारत काकू दारात आल्या. त्या खालून काकांसाठी गरम पाणी आणायला गेल्या होत्या. हातात थर्मास, चेहऱ्यावर घाम. वर आल्यावर वॉर्डातली खाट हलवलेली बघून त्या घाबरल्या असणार. पण टाळ्या ऐकून त्यांचा चेहरा पार खुलला.

“मेट्रन, उतार पडला ना ह्यांना? टाळ्या ऐकल्या मी वॉर्डातूनच.”

टाळ्या थांबल्या. साहेब मेट्रनबाईंच्या कानाशी वाकले. “बाई, जरा बाहेर नेऊन तुम्हीच समजवा त्यांना.”

मेट्रनबाईंनी ओल्या रंगाने बरबटलेला पाना साहेबांच्या हातात दिला.

“तुम्ही सांगा,” त्या म्हणाल्या. “आणि ‘समजा’ म्हणू नका.”