कवेवरचा रविवार

बोईसरला कारखाने आले, तारापूरला मोठी कॉलनी झाली, आणि त्या लोकांना रविवार नावाचा एक दिवस असतो, त्या दिवशी काय करावं हे त्यांना सुचत नाही, ही गोष्ट आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना ऐंशी सालानंतर कळली. आमच्या गावासमोर समुद्रात एक बेट आहे. बेट म्हणजे काय, चार खडक, थोडी वाळू, तिवरांची झुडपं आणि पाखरं. बायका कालवं काढायला जायच्या, एरवी तिकडे कोणी फिरकत नव्हतं. तिथे सरकार राष्ट्रीय उद्यान करणार अशी आवई कुणीतरी पालघरहून आणली. उद्यान काही आलं नाही. लोक मात्र आले.

सगळ्यात आधी शहाणा झाला दामू तांडेल. त्याने होडीतली जाळी उतरवली, बसायला फळ्या ठोकल्या, निळा रंग दिला आणि बेटाच्या फेऱ्या सुरू केल्या. पहिल्या वर्षी लोक पुरीभाजी घेऊन यायचे, पाय भिजवून परत जायचे. पुढल्या वर्षी टेपरेकॉर्डर आले आणि पाखरं उडाली. मग त्याच वर्षी कॅमेरे आले, आणि कॅमेऱ्यांबरोबर एक प्रश्न आला. "अजून काय आहे बघायला?" उगाच खडकांना नावं देऊन पाहिली दामूने, पण खडक तो खडकच.

त्याची बायको वत्सला. पालघरच्या बाजारात तिची बसायची जागा ठरलेली, गिऱ्हाइकं ठरलेली आणि जीभ अशी की भाव करणारा दोनदा विचार करी. आता घरच्या होडीला मासळी नाही, म्हणून ती दुसऱ्यांच्या होड्यांचं म्हावरं विकत घेऊन टोपली भरायची. याची तिला भारी लाज वाटायची. घरात तिचा पाय ठरत नसे. चुलीवरून उठून किनाऱ्यावर जायची, समुद्राकडे बघायची, परत यायची, लावलेली भांडी पुन्हा लावायची. सासू म्हणायची, "वत्सले, तुज्या अंगात वारा शिरलाय." खरंच होतं ते.

तिला कवेची चिंता होती. कव म्हणजे समुद्रात खुंट रोवून जाळं लावायची ज्याची त्याची जागा. जमिनीला सातबारा असतो, कवेला फक्त खुंट. एक हंगाम कव रिकामी राहिली तर गाव काही बोलत नाही. दुसऱ्या हंगामातही खुंट दिसला नाही तर जो मागेल त्याला देतात. आणि ज्याने आपला खुंट आपल्या हाताने उपटला, त्याने कव सोडली असं धरतात. दामूची कव बेटाच्या पलीकडे, त्याच्या आज्यापासूनची. मागचा हंगाम ती रिकामी गेली होती. शेजारच्या कवेचा चिंधू तिच्याकडे डोळे लावून बसला होता, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं.

खुंट रोवायचा तो भांगेला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, जेव्हा पाण्याला ओढ कमी असते. समुद्र तिथीने चालतो, कंपन्या वाराने. त्या वर्षी हंगामातली शेवटची धड अष्टमी नेमकी रविवारी आली, आणि त्याच रविवारी बोईसरच्या एका रंगाच्या कंपनीची सहल ठरलेली.

"कंपनीला नाय सांगा," वत्सला म्हणाली.

"अगं, साहेबाला जबान दिलीय मी."

"आन् आज्याची कव? ती गेली मंग बसा बेटावर पाखरं मोजत. ती पन उडून गेली!"

वत्सला अंगणात गेली, परत आली, आणि दारातच थांबून म्हणाली, "लोकं बेटाला कंटाळली म्हनता ना? मंग कव दाखवा. खुंट कसा रोवतात ते बगू दे त्यांना. तुमचं गिऱ्हाइक पन राहील आन् कव पन."

दामूने मांडीवर थाप मारली. बायकोची अक्कल त्याला पहिल्यांदाच इतकी आवडली असावी.

आमच्याकडे बाया कवेवर जात नाहीत. पण त्या रविवारी कंपनीतल्या बायका रंगीत छत्र्या घेऊन होडीत बसल्या, तेव्हा वत्सलाही पदर खोचून चढली. तिला अडवणार कोण आणि कोणत्या तोंडाने? लग्नाला इतकी वर्षं झाली, ज्या कवेवर तिचा संसार चालला ती जागा ती पहिल्यांदा बघणार होती. बेट मागे पडलं तशी ती पुन्हा पुन्हा उभी राहायची आणि खलाशी तिला खाली बसवायचे.

कवेवर पोचले तेव्हा चिंधूची होडी आधीच तिथे उभी होती, आणि तिच्यात त्याचा खुंट तयार होता. पाणी थांबलं. दामूने आणि खलाशांनी खुंट उभा केला, दोर आवळले, सगळ्यांनी जोर लावला. खुंट चिखलात शिरला. वत्सलाच्या डोळ्यांना पाणी आलं आणि ते तिने पुसलंही नाही. कंपनीचे लोक टाळ्या वाजवत होते. चिंधूने तोंड फिरवलं.

तेवढ्यात बळवंतराव नावाचे साहेब ओरडले, "अरे, थांबा! माझं रीळ संपलं होतं. आता नवं घातलं. दामूशेठ, परत एकदा!"

"एक बार फिर, दादा!" मागून कोणीतरी साथ दिली.

दामू हसला. घामाने निथळत होता, आणि इतकी माणसं त्याच्याकडे बघत होती. त्याने खुंटाला उलटा दोर टाकला.

"अवो, काय करताय?" वत्सला म्हणाली.

"अजून पुरता बसला नाय तो. काडतो आन् लगेच रोवतो."

"दामू!" खलाशी बोलला.

पण दामू कॅमेऱ्याकडे तोंड करून ओढतच होता. खुंट सुटला आणि वर आला. टाळ्या झाल्या. त्याने तो पुन्हा उभा केला, पण पाण्याला ओढ लागली होती. खुंट तिरका झाला, निसटला, होडीच्या काठाला आपटला. दुसऱ्यांदाही तेच. बायका किंचाळल्या आणि हसल्या.

चिंधूची होडी हळूहळू जवळ आली. अशा वेळी विचारायची रीत आहे. त्याने विचारलं, "दामू, सोडलीस?"

दामूच्या हातात दोर तसाच. तेव्हा कुठे त्याला कळलं. "नाय रे... जरा थांब... ह्या लोकांसाठी..."

"सोडलीस का?"

दामूने वत्सलाकडे पाहिलं. तिची जीभच आता त्याला सोडवणार होती. तिच्या मनात आलं, हा आज पुन्हा रोवील आणि पुढल्या रविवारी पुन्हा उपटील. जाळं काही लावणार नाही. तिला त्याचा इतका राग आला, इतकी कीव आली, की ती उभी राहिली ती परत बसलीच नाही.

"सोडली, चिंधूदादा," ती म्हणाली. "तुमी रोवा. तुमी जालं लावाल."

चिंधूने कमरेत वाकून तिला नमस्कार केला आणि अंगातला सगळा जोर लावून आपला खुंट पाण्यात सोडला.

होडीतल्या लोकांना वाटलं, कार्यक्रमाचा दुसरा भाग सुरू झाला. बळवंतरावांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि दामूला म्हणाले, "जरा बाजूला सरका."