पहिला बोलेल तो

उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या तेर्नवोग गावात कुणी कुणाला काम सांगत नाही. सगळ्यांनी समाजघरात जमायचं, कॉफी ओतून घ्यायची, म्हाताऱ्या सिग्फ्रेड मास्तरांनी कामाचं नाव घ्यायचं, आणि मग सगळ्यांनी गप्प बसायचं. त्यानंतर जो पहिला तोंड उघडेल, काम त्याचं. काय बोलला याला किंमत नाही. धक्क्याच्या फळ्या बदलायच्या होत्या तेव्हा एकाला शिंक आली आणि तो सवयीने 'माफ करा' म्हणाला. त्या उन्हाळ्यात एकशे चाळीस फळ्या त्याने ठोकल्या.

बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल. पण जिथे हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवत नाही आणि भांडलात तरी शेजारी तोच राहतो, तिथे 'तू कर' म्हणायची हिंमत कुणाला होत नाही, आणि 'मी नाही करणार' म्हणायची त्याहून नाही. ही रीत कुठे लिहिलेली नाही. लिहिलेली असती तर कुणीतरी खोडली तरी असती.

आल्फ्रिडने बारा वर्षांपूर्वी असंच तोंड उघडलं होतं. मासळी-केंद्रातलं बर्फाचं मशीन बंद पडलं होतं आणि वर जाऊन कुणीतरी दाद मागायची होती. आल्फ्रिड तेव्हा त्याच केंद्रात कॉड मासे चिरायच्या कामाला होती. ती एवढंच म्हणाली, "बर्फ नसेल तर मासळी सडेल की." झालं. किनाऱ्यावरच्या चौदा वस्त्यांची समिती आणि तिचं अध्यक्षपद, दोन्ही घोंगडी तिच्या गळ्यात पडली.

आणि खरं सांगायचं तर बाई त्यात तरबेज निघाली. बोट, बस, विमान करत ती राजधानीपर्यंत धडकायची. तिथल्या गुळगुळीत टेबलांशी बसलेले साहेबलोक विचारायचे, "एवढ्याशा वस्तीसाठी एवढा खर्च?" आल्फ्रिड म्हणायची, "तुमच्या ताटातला कॉड कुठून येतो म्हणता?" दोन वर्षांपूर्वी मालकाने मासळी-केंद्रालाच कुलूप लावलं. होड्यांना मासळी विकायला भूशिराला वळसा घालून तीन तास लांब जावं लागायला लागलं. तेव्हा ती टीव्हीवर बोलली. "आम्ही कुठेही जाणार नाही. मी तर नाहीच नाही."

हे वाक्य तिला नडलं. ते ऐकून दक्षिणेकडची एक जोडी, तिरिल आणि तिचा नवरा आस्लाक, चक्क इथे राहायला आली. धक्क्यावरचं पिवळं घर त्यांनी विकत घेतलं, आस्लाकने होडी घेतली, आणि पाठोपाठ पोरही झालं. सात वर्षांत गावात जन्मलेलं ते पहिलं मूल. लोक त्याला बघायला रांग लावायचे आणि आल्फ्रिडचा खांदा थोपटायचे, जणू तिनेच बाळंतपण केलं होतं.

नोव्हेंबरच्या एका गुरुवारी मंत्रालयाचं पत्र आलं. मागणी मंजूर. फेब्रुवारीत, कॉडच्या हंगामाआधी, केंद्र पुन्हा उघडेल आणि पाच वर्षं सरकार त्याला पाठबळ देईल. अट एकच. केंद्र चालवणारा माणूस पाचही वर्षं गावातच राहायला हवा, आणि त्याचं नाव सोमवारच्या टपालाने कळवायचं.

आल्फ्रिडने पत्र दोनदा वाचलं, कुठे नकार सापडतोय का बघायला. कारण गेले सहा महिने ती मनातल्या मनात नकाराची वाट बघत होती. नकार आला असता तर कुणी तिला बोल लावला नसता. बाईने जिवाचं रान केलं, पण सरकारपुढे कुणाचं काय चालतं, असं म्हणून गावाने तिला निरोप दिला असता. तिची लेक गुरो दूर बोडो शहरात होती. गुरोला जानेवारीत मूल होणार होतं, आणि मुलाचा बाप उन्हाळ्यातच बॅग भरून निघून गेला होता. आल्फ्रिडने लेकीला शब्द दिला होता. येते, दोन-तीन वर्षं राहते, तू निर्धास्त नोकरी कर. गुरोने एक खोली रंगवूनही घेतली होती. रोज संध्याकाळी तिचा निरोप यायचा, 'आई, तिकीट काढलंस?'

पत्र घेऊन आल्फ्रिड धक्क्यावर भावाकडे गेली. हिल्मार होडीत बसून गळाच्या दोरीचा गुंता सोडवत होता. त्याने पत्र वाचलं, दुमडलं आणि परत दिलं.

"जिंकलीस की, बये! मग तोंड का असं आंबट?"

"मी गुरोकडे जाणार आहे. कायमची नाही, पण जाणार आहे. जानेवारीत."

हिल्मारने दोरी खाली ठेवली. "कुणाला सांगितलंस?"

"तुलाच. बाकीच्यांना रविवारच्या सभेत सांगीन."

"सभेत?" तो हसला, पण मजेने नाही. "अगं, सभेत तोंड उघडलंस तर काय होतं, विसरलीस का? मास्तर नाव घेणार केंद्राचं, आणि तू उठून म्हणणार, मी चालले. पहिली बोललीस की संपलं."

"मग आधी घरोघर जाऊन सांगते."

"सांग. बघ जमतंय का."

तिने प्रयत्न केला. आधी मास्तरांकडे गेली. त्यांच्या बायकोने दारातच मिठी मारली आणि गरम वॅफल, जॅम आणि तपकिरी चीज पुढ्यात ठेवलं. मास्तर म्हणाले, "बारा वर्षं झाली, आल्फ्रिड. मी माझ्या वर्गात तुला कधी हुशार म्हटलं नाही. आज म्हणतो." एवढं ऐकल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार? वॅफल संपवून ती बाहेर पडली. दुसऱ्या घरी तेच झालं. तिसऱ्या घरात तर म्हाताऱ्या क्लेमेटला रडूच फुटलं. त्याची होडी भूशिराच्या वळणावर दोनदा उलटता उलटता वाचली होती. तीन घरांत सहा वॅफल खाऊन आल्फ्रिड घरी आली आणि स्वतःला लाख शिव्या घालत अंथरुणात शिरली. साहेबांच्या टेबलावर मूठ आपटणारी बाई, आणि आपल्या गल्लीत शेळी!

मग तिने ठरवलं. बोलायचंच नाही. कुणी ना कुणी दुसरं बोलेल, काम त्याच्याकडे जाईल, मग आपण निवांत आपलं सांगू.

रविवारी दुपारी चार वाजता, बाहेर अंधार असताना, समाजघरात एकतीस माणसं जमली. आजारी दोघं सोडली तर हेच अख्खं गाव. मास्तरांनी पत्र वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या, कुणीतरी पाय आपटले. मग मास्तरांनी चष्मा काढला.

"काम : मासळी-केंद्र. पाच वर्षं," ते म्हणाले आणि खाली बसले.

सगळे गप्प झाले.

एरवी हा गप्पपणा अर्धा मिनिट टिकायचा. आल्फ्रिड बोलायची आणि गाव सुटायचं. आज आल्फ्रिड मिठाची गुळणी धरून बसली होती. दोन मिनिटं गेली, चार गेली. लोक आधी तिच्याकडे बघत होते, मग आपापल्या कपात बघायला लागले. हिल्मार बुटाच्या नाडीकडे बघत होता. आल्फ्रिडला त्याचा संताप आला. चौसष्ट वर्षांचा बाप्या, बहिणीची अडचण ठाऊक असलेला एकटा माणूस, एक शब्द बोलला असता तर काय जीव गेला असता का? पण त्याला हिशेब जमत नव्हते, कागद जमत नव्हते, आणि समुद्र सुटत नव्हता. हे तिलाही माहीत होतं. या खोलीत कुणाला काय जमत नाही हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि म्हणून तिला कुणावर धड रागावताही येईना.

सात मिनिटं झाली. फोन तिच्या खिशात थरथरला. तिने तो दाबून धरला.

तेवढ्यात तिला तिरिल दिसली. ती समोरच्या बाकावर बसली होती, पोर मांडीवर होतं. तिची मान लाल झाली होती. तिने आस्लाककडे बघितलं, आस्लाकने मान डोलावली, आणि तिरिल सावरून बसली. पोहायला उडी टाकण्याआधी माणूस घेतो तसा श्वास तिने घेतला.

ही बोलणार, आल्फ्रिडला कळलं. ही पोरगी काम घेणार. शिकलेली आहे, धीट आहे, नीट करेल. आपण फक्त आणखी दोन क्षण गप्प राहायचं की जानेवारीत बोट, बोडो आणि ती रंगवलेली खोली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं, इतकी सुटका जवळ होती.

पण तिरिल सत्तावीस वर्षांची होती. एकदा आल्फ्रिडच्या शब्दावर घरदार सोडून ती या अंधारात आली होती. आता आल्फ्रिडच्या गप्प बसण्यामुळे तिने इथे अडकून पडावं? पाच वर्षांची बारा कशी होतात ते आल्फ्रिडला पक्कं ठाऊक होतं. तिरिलचे ओठ उघडले.

"तिरिल," आल्फ्रिड म्हणाली, "पोराचा मोजा पडलाय बघ."

एकतीस माणसांनी एकदम श्वास सोडला. मास्तरांनी चष्मा चढवला आणि कागदावर नाव लिहिलं. टाळ्या पुन्हा पडल्या, आधीपेक्षा जोरात. क्लेमेट येऊन तिचा हात हातात घेऊन उभाच राहिला. हिल्मारने पहिल्यांदा वर बघितलं आणि पुन्हा नाडीत तोंड खुपसलं.

गर्दी कॉफीकडे वळली तेव्हा तिरिल मोजा हातात घेऊन तिच्यापाशी आली.

"बरं झालं मावशी, तुम्ही बोललात. मी बोलणारच होते."

"ठाऊक आहे मला." आल्फ्रिडने पोराचा गाल कुरवाळला. "मोठं मन आहे तुझं. पण पाच वर्षं म्हणजे थट्टा नाही."

"काम नव्हते घेणार मी." तिरिल गोंधळली. "आम्ही चाललोय. मार्चमध्ये. आस्लाकला तिकडे त्याच्या काकांच्या कारखान्यात नोकरी मिळतेय, आणि मला इथला अंधार सोसत नाही, मावशी. खूप दिवस सांगायचं होतं. तुमच्याकडे बघून धीर होत नव्हता. आज सगळे एवढे शांत बसले होते, म्हटलं सांगून टाकावं."

आल्फ्रिडने पोराच्या गालावरचा हात काढला. मग ती हळूच म्हणाली, "अगं, पहिली बोलली असतीस तर काम तुझ्याच गळ्यात पडलं असतं. रीत आहे इथली."

"छे!" तिरिल हसली. "चालले म्हणून सांगणाऱ्या माणसाच्या गळ्यात कोण कशाला काम घालेल?"

तिने हे अगदी सहज म्हटलं. खरंच कुणी घातलं असतं का? हिल्मारने घातलं असतं, मास्तरांनी घातलं असतं? रीत पडल्यापासूनच्या साठ वर्षांत कुणी करून बघितलंच नव्हतं. तिने बघितलं नव्हतं. समोर मास्तर तिचं नाव लिहिलेला कागद पाकिटात घालत होते, आणि मास्तरांची बायको त्या पाकिटाची कड जिभेने ओली करत होती.

"तुम्ही आहात म्हणून आता जाताना वाईट वाटणार नाही," तिरिल म्हणाली. "गाव चांगल्या हातात आहे. फक्त एक करा ना, मावशी. आमच्या घराला कुणी गिऱ्हाईक बघाल? तुम्ही एवढ्या ठिकाणी जाता. तुमचं बोलणं ऐकून कुणी ना कुणी येईलच."

"बघते," आल्फ्रिड म्हणाली, आणि गुरोला फोन करायला बाहेर गेली.