संत रोक्कोच्या मांडीतलं रक्त

त्या सप्टेंबरात कास्तेलरोवोच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध संत रोक्कोचा ब्राँझचा पुतळा. डोक्यावर यात्रेकरूची रुंद टोपी, एका हाताने उचलून धरलेला झगा आणि उघड्या मांडीवर प्लेगची जखम. त्या जखमेतून लाल पाणी झिरपत होतं. लोक चौथऱ्याच्या पायरीवर चढत आणि जखमेला ओठ लावत. तापाने फणफणलेले, धडधाकट, लाळ गळणारे म्हातारे, कडेवरची पोरं, सगळे त्याच एका मांडीला.

बाजूला इलारिओ बाबा उभा. हा स्वतःला बैरागी म्हणवायचा. कुठल्या मठाचा, ते कुणी विचारलं नाही. दोन महिन्यांपूर्वी अनवाणी आलेला हा माणूस आता चांगला गुबगुबीत झाला होता, कारण रांगेतला प्रत्येक जण कोंबडी, चीजची गड्डी, नाहीतर तेलाचा बुधला घेऊन यायचा. त्या बदल्यात बाबा लाल पाण्यात बुडवलेली चिंधी द्यायचा.

"लेकरांनो," तो गळा काढून म्हणायचा, "संत तुमच्यासाठी रक्त सांडतोय, आणि तुम्ही त्या डॉक्टरच्या काढ्यापायी त्याच्याकडे पाठ फिरवता?"

तो डॉक्टर म्हणजे लुनार्दी. गावात ताप शिरल्यापासून तो दारोदार सांगत होता, आजाऱ्यांना वेगळं ठेवा, एका भांड्याला दोन तोंडं लावू नका. त्याचं ऐकणार कोण? त्याच्याकडे रक्ताळणारा पुतळा नव्हता.

मी किल्ल्यासाठी तोफा ओततो. तो पुतळा माझ्या मेव्हण्याने, बाल्दोने, ओतला होता. बाल्दो वारला, पण मेणाची मूर्ती घडवण्यापासून ओतलेल्या धातूवर कानस मारण्यापर्यंत सगळ्या कामात माझी बहीण दियानोरा त्याच्या बरोबरीने राबलेली. रक्ताची बातमी आली त्याच दिवशी ती माझ्या भट्टीवर आली.

ती म्हणाली, "दादा, तो आतल्या सळईचा गंज आहे. आतला मातीचा गाभा हलू नये म्हणून आपण मेणातून आरपार लोखंडी सळया घालतो ना, त्यातली मांडीतली काढायची तशीच राहिलीय. बाल्दो म्हणाला होता, जखमेच्या खळग्यात कुणाला दिसणार आहे."

मला लगेच पटलं. तोफेचा गाभा आम्ही खरवडून काढतो, नाहीतर गोळा जाणार कुठून. पुतळ्याचा गाभा आतच राहिला तरी कुणाचं अडत नाही. माती, शेण, घोड्याचे केस, वर बोटभर जाडीचा धातू: संत म्हणून लोक ज्याला नमस्कार करतात तो आतून एवढाच असतो.

"मग सांगू या का लोकांना?" तिने विचारलं.

मी नको म्हणालो. लोक दगड मारतील, पावसाचं पाणी आत झिरपत असेल, पाऊस थांबला की रक्तही थांबेल, असं काहीबाही बोललो. हे मी लपवणार नाही. चौकातल्या मूर्खांना मी रोज हसायचो, पण तोंड उघडायची माझी छाती नव्हती.

पाऊस थांबला. रक्त थांबलं नाही. आणि मी भट्टीवर असताना माझ्या सासूबाई माझ्या लेकीला, जेम्माला, चौकात घेऊन गेल्या. सात वर्षांची, ठणठणीत पोर. तिसऱ्या दिवशी ताप चढला. सासूबाईंनी लुनार्दीला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही; पोरीच्या कपाळावर चिंध्या ठेवत बसल्या. सातव्या दिवशी जेम्मा गेली. बाबाने निरोप पाठवला, बापाची श्रद्धा कमी पडली.

तिला पुरून आलो तेव्हा दियानोरा अंगणात बसली होती. तिच्या हातात जेम्माच्या उशाशी पडलेली चिंधी होती. तिने ती माझ्या नाकाशी धरली. शिरक्याचा आंबट वास येत होता.

लोखंड लवकर गंजायला हवं असेल तर शिरक्यासारखं दुसरं काही नाही. पण तो आत जात कुठून होता? मग आठवलं. बाबा रोज सकाळी सगळ्यांदेखत शिडी लावून, हातात सुरई घेऊन चढायचा आणि "संताचं मुखमार्जन" करायचा. शेकडो माणसं हात जोडून हे बघत होती. मीही बघितलं होतं.

रविवारी भर दुपारी आम्ही चौकात गेलो. मी शिडी धरली, दियानोरा वर चढली. बाबा ओरडू लागला की बाईच्या स्पर्शाने संत कोपेल. गर्दीतून एक दगड आला, माझ्या खांद्याला लागला. मी शिडी सोडली नाही.

"ह्याच बाईने ह्या संताच्या अंगावर सहा महिने कानस मारलीय," दियानोरा वरून म्हणाली. "तेव्हा नाही कोपला तो."

टोपीच्या काठामागे ब्राँझचं बूच असायला हवं होतं. तिथे मेण थापलेलं निघालं. तिने ते नखाने उपसून काढलं. त्याच भोकातून डोक्यापासून कमरेपर्यंतचा गाभा बाल्दोने वजन कमी करायला काढून टाकला होता, त्यामुळे पाण्याला मांडीतल्या सळईपर्यंत उतरायला वाट होती. तिने रंगाऱ्याकडून आणलेलं निळीचं पाणी घागरभर आत ओतलं.

जखमेतून आधी लाल थेंब आले. मग जांभळट. मग धार लागली, निळीशार.

लुनार्दी पुढे झाला, म्हणाला, "बाबा, आता ह्यात बुडवलेल्या चिंध्या वाटा."

बाबा पळाला, पण काखेतली चीजची गड्डी सोडवेना, म्हणून वेशीपाशीच सापडला. त्याच्या खोलीत शिरक्याची पिंपं मिळाली. एवढं झाल्यावरही एका म्हातारीने निळ्या धारेखाली पदर धरला, काही गुण येईल म्हणून. मला हसू आलं नाही.

लोकांनी लुनार्दीचं ऐकायला सुरुवात केली. आजारी वेगळे ठेवले गेले, एकाच जागी ओठ लावणं बंद झालं, आणि महिन्याभरात ताप ओसरला. दियानोराने मांडीतली सळई कापून काढली आणि ते भोक ब्राँझने बुजवलं.

देवाला मानायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण धातू रडला, दगड बोलला, लाकडाला घाम फुटला असं कुणी सांगितलं, तर गुडघे टेकण्याआधी दोनच गोष्टी विचारा: आत काय आहे, आणि ते कोणी घातलं? विचारताना लाज वाटेल, भीती वाटेल. मला वाटली होती. म्हणून मी तीन आठवडे विचारलं नाही, आणि माझी पोर सात वर्षांचीच राहिली.