दोन पाट्या, एकच बटण

मित्रांनो, मी सांगतो ते सगळे लगेच खरे मानू नका. मीही कुणाचे लगेच खरे मानत नाही. मी एक जुना लेथ आहे, धातू कातायचे यंत्र. जन्मभर दाराकडे तोंड करून उभा राहिलो, त्यामुळे आत येणाऱ्या माणसाच्या हातात काय आहे हे आधी बघायचे, ही माझी खोड झाली. हातात पितळेच्या कांड्या असतील तर ठीक. चहाची किटली असेल तर फारच छान. पण काखेत कागदांची पिशवी दिसली, की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते.

माझा जन्म राजकोटचा. तिथल्या एका कारखान्यात मला ओतले आणि सहा महिने मागच्या आवारात उन्हातान्हात टाकून दिले. लोखंड मुरावे, त्यातला ताण जावा म्हणून तसे करतात, हे मला पुढे कळले. तेव्हा मात्र वाटले की हे लोक मला विसरले. संशयाचे बी तिथेच पेरले गेले असावे.

पुढे जामनगरच्या त्रिकमभाई कंसारांनी मला विकत घेतले. त्यांच्या पत्नी रळियातबेन यांनी मला कुंकू लावले, नारळ फोडला. त्रिकमभाईंचा कारखाना म्हणजे पत्र्याचे एक लांबट छप्पर. छपराखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लोखंडी शाफ्ट गेला होता. एक मोटर तो शाफ्ट फिरवायची, आणि शाफ्टवरून खाली आलेल्या चामड्याच्या पट्ट्यांनी आम्ही सगळी मशीने फिरायचो. मोटर एक आणि तिचे बटणही एकच. ते बटण माझ्या शेजारच्या खांबावर होते.

माझ्यावर काम करायचे उमरभाई. सायकलच्या ट्यूबचे व्हॉल्व्ह आणि विजेच्या प्लगच्या पिना आम्ही घडवल्या. उमरभाईंचे डोळे हत्यारावर कमी आणि माणसांवर जास्त असत. कुणाचा सदरा पट्ट्याजवळ गेला, कुणाला झोप लागली, की त्यांचा हात बटणावर गेलाच. बाहेरगावचे व्यापारी आमच्या पिना तळहातावर घेऊन वाखाणायचे. मला त्यांच्या वाखाणण्याचाही संशय यायचा, कारण त्यानंतर ते भाव पाडून मागत. पण खोटे कशाला बोलू, ऐकायला बरे वाटे.

तेव्हा कारखान्यात दहा माणसे होती. दहावी जीवीबेन. तिचा नवरा बेडी बंदरावर पोती वाहायचा, आणि त्याची कंबर गेल्यापासून घर तिच्या हातांवर चालत होते. ती माल निवडायची, वाहायची, आणि पिनांना भोके पाडायच्या मशीनवर बसायची. तिच्याइतके सरळ भोक कुणाचे पडत नसे. हे उमरभाईंनी एकदा कबूल केले होते, आणि उमरभाई सहसा काही कबूल करत नसत.

आता माझ्या संशयाची खरी गोष्ट ऐका. वर्षातून दोनदा पिशवीवाले साहेब येत. ते आले की जीवीबेन नाहीशी होई. ते गेले की ती परत येई. पहिली काही वर्षे मी समजत होतो की हे साहेब लोक माणसे पळवतात, आणि आमच्यातली नेमकी तिलाच पळवतात. मी त्यांना पाण्यात पाहायचो. एकदा मात्र दारातून निरोप आला, "साहेब नाक्यावर आलेत," आणि मी काय पाहिले? त्रिकमभाईंनी स्वतःच जीवीबेनला जिन्याकडे पाठवले.

"जा, वर बस. आज तू पाहुणी."

वर त्यांचे घर होते. तिथे रळियातबेन तिला कान असलेल्या कपात चहा देत आणि समोर निवडायला गव्हाचे ताट ठेवत. खाली तपासणीला आलेले सरकारी साहेब माणसे मोजत. नऊ भरत. मग त्रिकमभाई हात जोडून म्हणत, "आम्ही लहान माणसं, साहेब. छोटासा धंदा." साहेब गांठिया आणि तळलेल्या मिरच्या खाऊन निघून जात.

भानगड अशी होती, मित्रांनो. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा माणसे झाली की तिला छोटा धंदा म्हणत नसत, कारखाना म्हणत. कारखाना झाला की कामगारांची नावे पटावर चढवायची, त्यांना दवाखान्याचे कार्ड द्यायचे, इजा झाली तर विम्याचे पैसे मिळायचे. आणि छोट्यांना असलेल्या सवलती जायच्या. त्रिकमभाई वाईट नव्हते. त्यांना भीती होती. "दहा झाले की दहा साहेब दारात उभे राहतील," असे ते म्हणायचे, आणि ते अगदीच खोटे नव्हते. पण ज्या माणसावर मी सगळ्यांत जास्त विश्वास ठेवला होता, त्यालाच त्या दिवसापासून मी तिरक्या नजरेने पाहू लागलो. मला वाईट वाटले.

पुढे मागणी वाढली. माणसे चौदा झाली. पाच जणांना एकदम पाहुणे करायचे म्हणजे वर जागा पुरेना. तेव्हा कुणीतरी त्रिकमभाईंच्या कानात सांगितले की मध्ये भिंत घाला, एकाचे दोन करा. आमच्या भागात ही युक्ती नवी नव्हती. दोन दिवसांत गवंड्याने छपराच्या मधोमध भिंत उभी केली. बाहेर दोन पाट्या लागल्या, एकीवर त्रिकमभाईंचे नाव, दुसरीवर रळियातबेनचे. भिंतीत दार ठेवले नाही. पलीकडे जायचे तर रस्त्यावरून वळसा. फक्त वर, शाफ्टपुरते, वीतभर भोक ठेवले. दोन शाफ्ट आणि दोन मोटरी घेणार कोण? बटण राहिले माझ्या बाजूला.

त्याच दुपारी दोन हजेरीपट लिहिले गेले. जुन्या पटावरची नऊ नावे आणि नवी चार. सात इकडे, सहा तिकडे. पलीकडे अजून तीन जणांची जागा होती. पण जीवीबेनचे नाव जुन्या पटावर कधी नव्हतेच, म्हणून नव्यावरही उतरले नाही. मुद्दाम कुणी गाळले नाही. सवयीने गाळले गेले, आणि मुद्दाम गाळण्यापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटते.

जीवीबेनचे मशीन भिंतीपलीकडे गेले. उमरभाई दोन-तीनदा म्हणाले, "शेठ, पलीकडचं काही दिसत नाही." त्रिकमभाई म्हणाले, "सवय होईल."

एका सकाळी माझा पट्टा अचानक जड झाला. क्षणभरच. शाफ्ट एक असल्यामुळे पलीकडे काय अडकले ते मला अंगात कळले, पण मला तोंड नाही. जीवीबेनचा पदर पट्ट्यात गेला होता आणि पदर सोडवायला तिने हात घातला होता. पलीकडची माणसे ओरडली. गोंगाटात इकडे ऐकू आले नाही. शेवटी एक जण रस्त्यावरून वळसा घालून धावत आला आणि मग उमरभाईंनी बटण बंद केले. तोवर जीवीबेनच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती.

त्रिकमभाईंनी तिला स्वतःच्या स्कूटरवरून दवाखान्यात नेले. दिवसभर तिच्या उशाशी बसून राहिले, रडले. आणि निघताना तिला सांगितले, "कुणी विचारलं तर घरघंटीत हात गेला म्हण." तिने तसे म्हटले तर कार्ड नाही, विमा नाही, आणि न म्हटले तर दोन बोटे कमी असलेल्या बाईला दुसरीकडे काम कोण देणार?

तक्रारीचा कागद कुणी घातला, ते मला आजतागायत कळलेले नाही. माझा संशय उमरभाईंवर आहे. संशय चांगल्या माणसावरही घेता येतो.

पाचव्या दिवशी वसावडा नावाचे साहेब आले. काखेत पिशवी. यांनी चहा घेतला नाही, गांठियाकडे पाहिलेही नाही. त्रिकमभाईंनी दोन पाट्या दाखवल्या, दोन पट दाखवले. जीवीबेन हाताला पट्टी बांधून वर बसली होती, ती साहेबांना जिन्यातून दिसली. ती कोण, असे विचारल्यावर त्रिकमभाई म्हणाले की पाहुणी आहे. साहेबांनी मान वर करून भिंतीकडे पाहिले.

"हे भोक कशाला?"

"हवा खेळावी म्हणून, साहेब."

"तुमच्याकडची हवा दांड्याला धरून चालते होय?"

मग त्यांनी रळियातबेनना खाली बोलावले. पलीकडचा कारखाना त्यांच्या नावावर होता, तर त्यांनी तो चालू करून दाखवावा, इतकेच साहेबांचे म्हणणे. रळियातबेननी डोक्यावर पदर घेतला, रस्त्यावरून वळसा घालून त्या पलीकडे गेल्या. साहेब आणि त्रिकमभाई मागोमाग. मला दिसत नव्हते, पण मोटर बंद होती, त्यामुळे भोकातून सगळे ऐकू येत होते. बराच वेळ नुसती त्यांच्या चपलांची फरफर. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या शोधत होत्या.

"बटण इथं नाही, साहेब," त्या शेवटी म्हणाल्या. "बटण यांच्याकडं आहे."

त्रिकमभाई म्हणाले, "अगं, तुला कारखान्यातलं काय कळतं."

"तेच तर सांगतेय. मला काही कळत नाही आणि पाटीवर नाव माझं." मग त्यांचा आवाज बदलला. "आणि जीवी पाहुणी नाही. इतकी वर्षं मी तिला चहा देतेय, एकदाही तिनं कप संपवला नाही. साहेबांची जीप गेली की अर्धा चहा टाकून कामावर पळते. पाहुणी अशी असते का?"

वसावडासाहेबांनी एकच पट मागवला आणि त्यावर लिहिले: जागा एक, माणसे चौदा. चौदावे नाव जीवीबेनचे.

दंड झाला. सवलती गेल्या. "मोठे झालो आपण," असे त्रिकमभाई म्हणायचे, जणू कुणी गेल्याची बातमी सांगताहेत. धंदा बुडाला नाही, मागणीही हटली नाही. जीवीबेनला कार्ड मिळाले, विम्याचे पैसे दरमहा सुरू झाले. पण भिंत उभीच होती. तेव्हा उमरभाई म्हणाले की चौदाही माणसे डोळ्यांना दिसल्याशिवाय मी बटण दाबणार नाही. दुपारपर्यंत कारखाना बंद राहिला. संध्याकाळी त्रिकमभाईंनी स्वतः घण उचलला.

आता मी कोपऱ्यात आहे. नवी मशीने आली, प्रत्येकाची मोटर वेगळी. माझ्या पाठीवर रंगाचे डबे ठेवतात. त्रिकमभाईंचा नातू फोनवर कुणाला तरी सांगतो, "आपलं छोटंसंच आहे," आणि मी इथून डोकी मोजू लागतो. सवय आहे, जात नाही.

पण भिंत पडल्यानंतरची पहिली सकाळ सांगतो आणि थांबतो. बटण दाबायचे काम त्रिकमभाईंनी जीवीबेनला दिले होते. आधी सगळ्यांना मोजायचे, मग दाबायचे. ती खांबाजवळ उभी राहिली आणि मोठ्याने मोजू लागली. एक, दोन, तीन. तेरापर्यंत आली आणि तिने बटणाकडे हात नेला. माझ्या मनात आले, झाले, पुन्हा तेच.

उमरभाई म्हणाले, "थांब बेन. एक राहिलं."

तिने पुन्हा सगळ्यांकडे पाहिले. पुन्हा तेरा. दाराबाहेर कोणी आहे का, तेही पाहून आली. कुणीच तिला सांगितले नाही. त्रिकमभाई तर मान खाली घालून उभे होते. मग तिने तीन बोटे उरलेला हात हळूच स्वतःच्या छातीवर ठेवला.

"चौदा," ती म्हणाली, आणि बटण दाबले.

मित्रांनो, मला तेल दिले नाहीत तरी चालेल. पण कुणी तुम्हाला सांगितले की आमचा धंदा छोटा आहे, तर एकदा स्वतः आत जाऊन मोजा. आकडा छोटा निघाला तर निघू द्या. फक्त तो पुरा असू द्या.