पुढचा पंखा

शनिवारी नात येणार की नाही, हे आता गाडीवर होतं, असं तिच्या आजोबांनी गृहीत धरलं होतं. दर शनिवारी ते तिला पोहण्याच्या क्लासला सोडायचे, तिथून घरी आणायचे, जेवायला वाढायचे आणि संध्याकाळी सुनेच्या हवाली करायचे. आजी गेल्यापासून त्या घरात दुसरं ताट मांडलं जायचं ते एवढ्या एका दिवशी. बाकीचे दिवस कुकरशिवाय घरात कुणी तोंड उघडायचं नाही.

आणि गेल्या शनिवारी गाडीने दगा दिला. भर उन्हात सिग्नलला अडकली, एसीतून गरम वारा यायला लागला, तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. आजोबांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि निवेपर्यंत थांबले. नात घामाने निथळत घरी पोचली, वर तिला उलटी झाली. मग सुनेचा निरोप आला, की या शनिवारी नको, पुढचं बघू. कारण तिने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. विचारतील तर शपथ.

माणूस वाईट नव्हता हो. पण बोलायचं म्हटलं की तोंडात मिठाची गुळणी. बसच्या वर्कशॉपात अख्खी नोकरी झाली, तिथल्या मंडळींनी नाव ठेवलं होतं मौनीबाबा. त्याचा त्यांनी कधी राग धरला नाही. धरला असेल तर बोलले नाहीत. घरात बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. मुलाला फोन तिचा, सुनेची विचारपूस तिची. "हे सारखी तुमची आठवण काढतात," असं ती खुशाल ठोकून द्यायची, आणि हे शेजारी बसून पेपर वाचत असायचे. ती गेली आणि त्या घरचा फोनही गेल्यात जमा झाला.

तर मौनीबाबांनी ठरवलं, दोष गाडीत आहे ना, मग गाडी दुरुस्त करू. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असलं काम त्यांना उभ्या नोकरीत खपलं नव्हतं. गाडी पळताना एसी गार आणि थांबली की गरम, म्हणजे गॅस ठीक आहे, वारा कमी पडतोय. रेडिएटरमध्ये पाणी होतं, इंजिनाचा मोठा पंखा फिरत होता. राहिला जाळीमागचा छोटा, एसीचा पुढचा पंखा. एसी लावला की त्याने आपसूक फिरायला हवं. आजोबा एसी लावून पुढे येऊन वाकले, तर पंखा ढिम्म.

फ्यूज शाबूत होता. मग रिले, म्हणजे पंख्याकडे करंट सोडणारी डबी. ती तपासायची त्यांची रीत जोडीची होती. यांनी रिलेवर बोट ठेवायचं, बायकोने आत बसून एसीचं बटण दाबायचं, बोटाखाली टक् झालं की रिले जिवंत. ती मांडीवर भाजी निवडत बटण दाबायची आणि वर विचारायची, झाली का नाडी बघून? आता ती सीट रिकामी होती. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यात उभे होते, हाक मारली असती तर धावत आले असते. यांनी तोंड उघडलंसुद्धा, पण हाक काही निघाली नाही. मग त्याच मापाचा हॉर्नचा रिले काढून पंख्याला लावला. ढिम्मच. पंख्याचा रिले हॉर्नच्या जागी बसवून हॉर्न दाबला, तो खणखणीत वाजला, म्हणजे रिले जिवंत. गृहस्थांना वाटलं आपल्यालाच बोलावतायत, ते दोन पायऱ्या उतरलेही. मौनीबाबांनी मान खाली घातली आणि बॅटरीवरून थेट पंख्याला करंट दिला. मोटर हूं की चूं करेना. जळली होती बिचारी, कधीपासून कोण जाणे.

नवा पंखा आणला, जाळी काढली, जुना सोडवला. नवा बसवताना धरायला कुणी नाही, म्हणून तो गुडघ्याने रेटून धरला आणि बोल्ट आवळले. गुडघ्याने आपलं वय बरोबर सांगितलं. प्लग वेगळा निघाला, वायरी कापून जोडल्या, त्या उलट्या. पंखा फिरला झकास, पण पंख्यापुढे धरलेला कागद आत ओढला जायचा सोडून दूर उडाला. पुन्हा सोडा, पुन्हा जोडा, टेप गुंडाळा, जाळी लावा. मग कागद जाळीला घट्ट चिकटला. आजोबा गाडी जागेवर चालू ठेवून कितीतरी वेळ आत बसले. वारा गार, काटा मध्यावर. फार आनंद झाला त्यांना, आणि तो सांगायला कुणी नव्हतं.

तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच आपणहून सुनेला फोन लावला. मोटर जळली होती, नवी बसवली, आता सिग्नलला हवं तेवढं थांबा, काटा हलायचा नाही. साहेबाला रिपोर्ट द्यावा तसं सगळं एका दमात सांगून टाकलं. सुनेने ऐकून घेतलं.

"बाबा, गाडीचं नव्हतंच ते," ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी ती मागे बसून रडत होती. तुम्ही बॉनेटपाशी उभे होतात. घरी येईपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलला नाहीत."

आजोबांना ते रडणं आठवेना. काटा आठवत होता, वाफ आठवत होती.

"तिला फोन दे," ते म्हणाले. मग जरा नरमून, "देतेस का?"

नात फोनवर आली आणि गप्प राहिली. आजोबांवरच गेली होती. शेवटी तीच म्हणाली, "मी सारखं एसी वाढवा, एसी वाढवा करत होते. म्हणून गाडी बिघडली. म्हणून तुम्ही रागावलात ना?"

एवढीशी पोर, आणि इतके दिवस हे मनात धरून बसली होती.

"नाही गं. मोटर आधीच गेली होती. माझंच लक्ष नव्हतं." एवढं बोलून ते अडकले. बायको असती तर पुढचं तिने सांगितलं असतं. मग त्यांनी कसंबसं स्वतःच सांगितलं, "तू आली नाहीस की मला इथे करमत नाही."

पलीकडे नातीने फोन कानापासून लांब धरला असावा, कारण तिचा आवाज दुरून आला.

"आई, आजोबा रडतायत. मी काय बोलू त्यांच्याशी?"