लाहीचं कडवं

दिवाळीची सुट्टी संपली आणि मुलींच्या शाळेतल्या मथुराबाईंचा निरोप आला. "पोरींना तुमचं पुस्तक तोंडपाठ झालंय. एकदा येऊन ऐका."

दमयंतीला जायचं नव्हतं. पुस्तक छापायलाच ती राजी नव्हती. पण तिचा नवरा आत्माराम, बंदर कचेरीतला कारकून, त्यानं तिच्या वहीतली गाणी तिच्या नकळत उतरवून घेतली, ड्रॉइंग मास्तर हरिश्चंद्रांकडून चित्रं काढवून घेतली, आणि १९३२च्या उन्हाळ्यात सोळा पानांचं पुस्तक घरी आणून ठेवलं. वरच्या पानावर मुंडावळ्या बांधलेला खेकडा होता. गाणी दमयंतीनं केली होती ती एकाच मुलीसाठी, तिच्या राहीसाठी. राही दोन वर्षांमागं घटसर्पानं गेली. पाच वर्षांची होती. शेवटचे तीन दिवस तिच्या गळ्यातून शब्द फुटला नव्हता.

शेवटी गेली ती शाळेत. बिगरीच्या वर्गात बावीस मुली मांडी घालून बसल्या होत्या. मथुराबाईंनी खूण केली तशी त्यांनी सूर धरला.

खेकडोबा नवरा झाला,
तिरका तिरका दारी आला.
कालव म्हणे, बसा पाटावर,
नवरा बसला ताटावर!

गाणं इथं संपत होतं. मुली थांबल्या नाहीत.

वलात गेली भलतीत वाहून,
नवली लडते दालात लाहून.
लडू नको गं, येईल पलत,
ओहोटीला येईल चालत.

बावीसजणींतली एकही बोबडी नव्हती. आत्ताच 'तिरका' म्हणताना त्यांचा र खणखणीत उमटला होता. या चार ओळींत मात्र एकही र नाही.

असं बोलणारं एकच पोर दमयंतीनं ऐकलं होतं. राहीला र म्हणता येत नसे. नाव विचारलं की 'लाही' सांगायची, आणि मग घरीदारी ती लाहीच झाली होती.

"हे कडवं कुणी शिकवलं?" तिनं विचारलं.

मथुराबाई गोंधळल्या. "म्हणजे? तुमचंच ना ते? मला वाटलं, बोबडं मुद्दाम केलंय, गमतीसाठी."

मुलींना विचारलं, तर एकीनं काशीकडे बोट दाखवलं, काशीनं तिसरीकडे. तिसरी म्हणाली, "सगळ्याच म्हणतात."

घरी आल्यावर तिनं आत्मारामला सांगितलं.

"पोरं काहीही जोडतात गं," तो म्हणाला.

"ल लावून?"

त्यानं त्या ओळी कागदावर लिहिल्या आणि ल खोडून जागोजाग र घातला. "परत... चालत. यमक नीट बसत नाही बघ." मग हळूच म्हणाला, "पलत, चालत. हे बसतं." म्हणजे ज्यानं कुणी ते केलं, त्याला र येतच नव्हता. आत्मारामनं कागद घडी करून खिशात घातला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवसापासून दमयंती ओहोटीला मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊ लागली. ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते, तसं तिचं जेवणखाण, केरवारे सगळं पुढं सरकत गेलं. ओल्या काळ्या वाळूत ती पाण्याकडे तोंड करून उभी राही. कसली वाट बघतेय, हे तिनं स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. बंदरावरची माणसं आत्मारामला विचारीत, "वहिनींची प्रकृती बरी आहे ना?"

बाराव्या दिवशी तिला वाळूत पावलं दिसली. लहान, अनवाणी, पाण्याकडून वर आलेली. ती पावलांमागून चालत खडकांपाशी गेली, तर पलीकडून आवाज आला, "लडू नको गं, येईल पलत..."

खडकाआड आठेक वर्षांची एक खारव्याची पोर उकिडवी बसून खडकाला चिकटलेली कालवं फोडीत होती.

दमयंतीला बघून ती उठली. "तुमी लाहीची आय ना? लाही कुठं हाय?"

उत्तराला न थांबता ती बोलत सुटली. तिचं नाव मैना. बाप भागोजी गलबतावर खलाशी. दोन वर्षांपूर्वी दमयंतीच्या परसामागच्या गडग्याशी, चिऱ्यांच्या त्या बांधापाशी, ती नि लाही रोज दुपारी खेळायच्या. दमयंतीचा डोळा लागला की लाही बाहेर सटकायची. मग भागोजीनं बिऱ्हाड मुंबईला नेलं, ते गेल्या शिमग्याला परत आलं.

"मी गडग्याशी कितीदा येऊन बसलंय," मैना म्हणाली. "ती येतच नाय. मग शाळेत पुस्तक आला, त्यात खेकड्याचा गाना. म्हटला, पुढचा लाहीनं केलान ता मी पोरींना शिकवतंय. सगळ्यांनी म्हटला तर तिला आयकू जाईल. मग येल ती."

"बाळ," दमयंती म्हणाली, "लाही गेली."

"कंच्या बोटीनं?"

दमयंती खडकावर बसली. तिनं सगळं सांगितलं, ताप, गळा, ते तीन दिवस. दोन वर्षांत ती हे कुणापाशी बोलली नव्हती. मैनेनं ऐकून घेतलं. हातातलं कालव फोडलं, आतलं मांस वाटीत टाकलं आणि खाली मान घालून पुढचं उचललं.

मग दमयंतीनं विचारलं, "तिनं आणखी काही केलं होतं का गं?"

"व्हय. आठवल ता सांगेन."

मैना रोज शाळा सुटल्यावर येऊ लागली. ओसरीवर बसून लाहीसारखं बोबडं म्हणून दाखवी, दमयंती वहीत उतरवून घेई. तिचं समुद्रावर जाणं थांबलं, चूल वेळेवर पेटू लागली. आत्मारामला हायसं वाटलं. पहिल्या आठवड्यात तीन गाणी झाली, पौष लागेतो अकरा. पाच वर्षांच्या पोरीनं एवढी कधी केली, हा प्रश्न दमयंतीच्या ओठांवर येई आणि ती तो गिळून टाकी. मैनेचे केस ती लाहीचे विंचरी तसे विंचरू लागली. एकदा हाक मारताना तोंडून 'लाही' निघून गेलं.

मैनेनं "ओ" दिली.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी मैनेची आजी गंगुबाई दारात येऊन उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"वैनी, माज्या नातीची जीभ फिरली. घरात 'भाकली दे' म्हणता. परवा बापूस गलबतावरून आला, त्यानं हाक मारलान, तर म्हणता, मी मैना नाय, मी लाही." तिनं दाराची चौकट धरली. "तुमची पोर गेली, मना कळता. माजे दोन ल्योक दर्यात गेलेत. पन माज्या मैनेत तिला बसवू नका."

म्हातारी वळून चालू लागली तेव्हा दमयंती एवढंच म्हणाली, "उद्याचा दिवस तिला पाठवा. एकच दिवस."

दुसऱ्या दिवशी तिनं मैनेला समोर बसवलं. वही काढली नाही.

"म्हण, र."

"ल."

"जीभ टाळूला लाव. र."

मैनेनं मान हलवली. "मग लाही कशी बोलल?"

"लाही बोलत नाही, बाळ. तू बोलतेस."

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. दमयंतीचं मन एकदा डगमगलं. आपल्या मुलीचा र तिनं कधी सुधारला नव्हता. घाई कसली, येईल आपोआप, असं वाटे.

"म्हण. राही."

"ला... रा. राही."

स्वच्छ, ठणठणीत. मुलीचं खरं नाव लहान पोराच्या आवाजात असं धड दमयंतीनं पहिल्यांदाच ऐकलं. आणि ओसरी एकदम मोठी वाटू लागली. आता तिथं त्या दोघीच होत्या. इतके दिवस दोघी नव्हत्या, तिघी होत्या, हेही तिला तेव्हाच उमगलं.

मग तिनं वही आणून मैनेपुढे उघडली आणि गिळून ठेवलेला प्रश्न विचारला. "यातली लाहीची कुठली, नि तू केलेली कुठली? मी रागावणार नाही."

दमयंती एकेक गाणं वाचत गेली. मैनेनं दोन पानांवर बोट ठेवलं. "ही तिची. गडग्यावरची."

"आणि ही नऊ?"

मैनेनं ती पानं पुन्हा उलटून बघितली. लपवताना पोरांचा चेहरा होतो तसा तिचा झाला नव्हता.

"ही मी नाय केली," ती म्हणाली. "तुमी वही उघडलात की मना यायची. आता नाय येत."

दमयंतीनं वही मिटली. मैनेचा हात धरून तिला तिच्या आजीच्या दारापर्यंत पोचवून आली. दोन गाणी पुढच्या वर्षीच्या पुस्तकात छापली गेली. उरलेल्या नऊ गाण्यांवर तिनं कुणाचंच नाव लिहिलं नाही. ती वही आत्मारामनं पुष्कळदा मागितली, तिनं त्याला कधी दिली नाही.