पुढे चालणाऱ्याची पाठ

टिक्… टिक्… पितळी शिट्टी शर्टाच्या बटणावर आपटत होती, पण मागे, रांगेच्या शेवटी, वकिलाच्या छातीवर. तिची दोरी शिंप्यानेच अस्तराच्या उरलेल्या पट्टीतून शिवलेली. इतकी वर्षं शिट्टी शिंप्याच्याच गळ्यात असायची. सगळ्यांत हळू चालणारा पुढे आणि दमदार माणूस शिट्टी घेऊन शेवटी, हा या मित्रांचा पहिल्या डोंगरापासूनचा नियम. म्हणजे कुणी मागे पडत नाही, आणि कुणाची धाप चव्हाट्यावर येत नाही.

पुढे नेहमी डॉक्टर, पोटामुळे. आज पायथ्याशी नाड्या बांधून शिंप्याने मान वर केली, तर शिट्टी वकिलाकडे, आणि डॉक्टर सहज म्हणाला, "आज तू हो पुढे."

सहज? कधी ठरवलं यांनी… गाडीत, त्याचा डोळा लागला होता तेव्हा? म्हणजे आपण म्हातारे झालो, आणि ते यांना आपल्याआधी कळलं. टोचलं ते. पण रागाऐवजी त्याला नवलच वाटत राहिलं – यांना नेमकं दिसलं तरी काय?

"पुढारी, जरा दमानं," डॉक्टर मागून धापा टाकत म्हणाला. "माझं पोट अजून पायथ्याशीच आहे."

"मग त्याला शिट्टी ऐकू येईल," वकिलाची बायको म्हणाली. "भावजी, तुम्ही चाला हो."

तो हसला. समोर नुसती वाट, धुकं, आणि एकही पाठ नाही. मागून चालताना प्रत्येकाची पाठ त्याने वाचलेली. डॉक्टरचा उजवा खांदा बोटभर उतरलाय, हे डॉक्टरला अजून ठाऊक नाही. कारण त्याच्या दर शर्टाला शिंपी त्या बाजूला आतून कापडाचा एक पदर जास्त घालतो, आणि बोलत नाही. बोलायचं काय त्यात, मित्र आहे… आणि स्वतःच्या पाठीचं माप? ते कुठल्या शिंप्याला घेता आलंय?

त्याचा हात नकळत मागे गेला, पोचेल तिथवर. पोक आलंय का? खांदा? की डॉक्टरला नुसतं मागे राहून वहिनीशी गप्पा मारायच्या होत्या? विचारलं तर सांगतीलही… पण तो पदर कुणी उसवून दाखवावा, असं त्यालाही वाटेना.

आधी त्याने पाठ ताठ केली. मग, वळण चढताना, ती हळूहळू आपल्या मूळच्या आकारावर सोडून दिली – बघा बाबांनो, काय दिसतं ते. मागे टिक् टिक् चालूच होती. डॉक्टरची धाप वाढलेली ऐकून तो आणखी थोडा हळू झाला.